पीटभूमीचा हिशेब एका आकड्यात मावत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्रिटनमधील डोंगराळ पीटभूमींवर, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे पाणथळ थर साचलेल्या जमिनींवर, आपल्या दैनिकात आलेला लेख वाचला. शाळेच्या भूगोलात कोळशाची पहिली अवस्था म्हणून एका ओळीत उरकलेला हा विषय आपण पानभर मांडलात, याचा मनापासून आनंद झाला. एक गोष्ट मात्र खटकली. पाणी काढून टाकण्यासाठी खणलेले जुने चर बुजवले, शेवाळ परतले आणि दर हेक्टरी अमुक टन कार्बन डायऑक्साइड ‘शोषला जाऊ लागला’, असे त्यात म्हटले होते. हा आकडा कोणत्या मोजणीतून आला, तो किती वर्षांचा आहे, त्यात मिथेन आणि ओढ्यातून वाहून जाणारा कार्बन धरला आहे का, याचा उल्लेख कुठेच नव्हता. लेखकाला दोष द्यायचा नाही. अशा प्रकल्पांच्या प्रसिद्धिपत्रकांतच तो बहुतेकदा नसतो. पण आता या आकड्यांवर कार्बन क्रेडिट, म्हणजे वाचवलेल्या उत्सर्जनाची प्रमाणपत्रे, विकली जातात. म्हणून मोजणी कशी होते आणि ती कुठे फसते, ते वाचकांपुढे यायला हवे.

आधी साठा किती, ते पाहू. पाण्याने भरलेल्या आम्लधर्मी जमिनीत ऑक्सिजन पोहोचत नाही, त्यामुळे स्फॅग्नम शेवाळ मेले तरी पुरते कुजत नाही आणि थरावर थर साचत जातो. वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर. जगाच्या सुमारे ३ टक्के जमिनीवर पीट आहे, पण त्यातला कार्बन जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यात आहे त्याहून जास्त आहे. ब्रिटनमध्ये उत्तर इंग्लंडमधील पेनाइन्स डोंगररांगेच्या माथ्यांवर आणि स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, २०२४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या फ्लो कंट्रीत, हे पीट गोधडीसारखे चढउतारांवर पसरले आहे. एका घनमीटर पीटमध्ये कोरडा ऐवज साधारण १०० किलो, बाकी पाणी. कोरड्या ऐवजातला निम्मा भाग कार्बन. म्हणजे २ मीटर खोल पीट असेल, तर हेक्टरी सुमारे १,००० टन कार्बन. त्यातला एक सेंटिमीटर गेला की ५ टन कार्बन, म्हणजे सुमारे १८ टन कार्बन डायऑक्साइड. तो सेंटिमीटर साचायला दहा वर्षे लागलेली असतात. वनस्पतींचे आच्छादन गेलेल्या उतारावर तो एका वर्षात निघून जातो.

या साठ्याच्या तुलनेत वर्षाची जमा फार बारीक असते. मोजणीतली बहुतेक संकटे इथूनच सुरू होतात. एडिनबराजवळच्या ऑकेनकॉर्थ मॉस या पीटभूमीवर २००२ पासून वायूंची देवाणघेवाण मोजली जात आहे. तिथल्या पहिल्या ११ वर्षांच्या नोंदींत दर चौरस मीटरला वर्षाला सरासरी ६४ ग्रॅम कार्बन हवेतून आत आला. पण एका वर्षी तो जेमतेम ५ ग्रॅम होता, तर दुसऱ्या एका वर्षी १३६. जागा तीच, व्यवस्थापन तेच. दोन वर्षे मोजून ‘सुधारणा झाली’ असे कोणी म्हणत असेल, तर ती सुधारणा होती की हवामान, हे त्याला सांगता येणार नाही. त्यातही निव्वळ आकडा म्हणजे दोन मोठ्या रकमांची वजाबाकी: दिवसा प्रकाशसंश्लेषणाने आत येणारे कित्येकशे ग्रॅम आणि श्वसनाने बाहेर जाणारे जवळपास तितकेच. एका रकमेत दहा टक्के चूक झाली, की शिल्लक जमेची आहे की खर्चाची, हेच उलटू शकते.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडतो. हवेतून ६४ ग्रॅम कार्बन आला, म्हणजे हेक्टरी सुमारे २.३ टन कार्बन डायऑक्साइड जमा. त्याच जागेतून ५ ग्रॅम कार्बन मिथेनच्या रूपाने गेला असे धरा. वजन नगण्य, पण शंभर वर्षांच्या मापाने मिथेनची उष्णता धरण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या २७ पट धरली जाते. म्हणून हा खर्च हेक्टरी १.८ टन. ओढ्याच्या पाण्यात विरघळून २५ ग्रॅम गेला. त्याचा बहुतेक भाग पुढे नदीत कार्बन डायऑक्साइड होतो. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक पद्धतीप्रमाणे ९० टक्के धरला, तर आणखी ०.८ टन. बेरीज केली तर शिल्लक शून्याच्या किंचित खर्चाच्या बाजूला! ही पीटभूमी निरोगी आहे, तिच्यात कार्बन साचतो आहे आणि तरीही ती वर्षाच्या हिशेबात ‘शोषक’ दिसत नाही. मिथेन हवेत दशकभर टिकतो आणि कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके साचत जातो, म्हणून दीर्घ काळात अशी जमीन हवामान थंडच करते. पण पुनरुज्जीवनाचा खरा लाभ नव्या शोषणात फारसा नसतो. तो जुनी गळती थांबण्यात असतो. आणि गळती थांबली हे सिद्ध करायचे, तर आधी किती गळत होते ते मोजलेले असायला हवे.

ही गळती ठरवणारा सर्वांत मोठा घटक म्हणजे पाणीपातळी: पाणी उतरले की पीटमध्ये हवा शिरते आणि ते कुजू लागते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक ठिकाणच्या नोंदी एकत्र केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा: खोल गेलेली सरासरी पाणीपातळी दर १० सेंटिमीटरने वर आणली, की हेक्टरी वर्षाला किमान ३ टन कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन कमी होते. हा दर पातळी पृष्ठभागाखाली ३० सेंटिमीटरवर येईपर्यंतचा. त्याहून वर आणत गेलो तरी लाभ होत राहतो, मात्र १० सेंटिमीटरच्याही आत आल्यावर मिथेन तो खाऊ लागतो. म्हणून ज्या प्रकल्पाकडे वायू मोजायला पैसे नाहीत, त्यानेही पाणीपातळी मोजलीच पाहिजे. सगळ्यांत स्वस्त मोजणी हीच, आणि सगळ्यांत निष्काळजीपणे केली जाणारीही हीच.

साधन साधे आहे. एक मीटर लांबीची, ३ ते ५ सेंटिमीटर व्यासाची प्लास्टिक नळी घ्यायची, तिला पूर्ण लांबीभर भोके पाडायची, बारीक जाळीचा मोजा चढवायचा आणि तळाला बूच लावून गिरमिटाने पाडलेल्या भोकात घट्ट बसवायची. पहिली चूक भोक पाडतानाच होते. गिरमिट फिरवताना ओले पीट भिंतीला लिंपले जाते आणि नळीतली पातळी बाहेरच्या पातळीमागे दिवसेंदिवस रेंगाळते. बसवल्यावर नळीत पाणी ओतून ते किती वेळात मूळ पातळीवर येते, ते पाहावे. तासन्‌तास हलले नाही तर नळी काढून पुन्हा बसवावी. वरच्या झाकणाला हवेसाठी छिद्र हवे, नाहीतर आत कोंडलेली हवा पातळी वर येऊ देत नाही.

दुसरी चूक अधिक फसवी. पीट ओले झाले की फुगते, सुकले की आकसते; पृष्ठभाग वर्षभरात काही सेंटिमीटर वरखाली होतो. नळीच्या तोंडापासून पाण्यापर्यंत अंतर मोजायचे आणि जमिनीवर आलेला नळीचा भाग त्यातून वजा करायचा, ही रीत. पण तो वर आलेला भाग एकदाच, नळी बसवताना मोजून कायमचा वहीत लिहिलेला असतो. उन्हाळ्यात जमीन ४ सेंटिमीटर खाली गेली, तर पाणी आहे त्यापेक्षा ४ सेंटिमीटर खोल असल्याची नोंद होते. कागदावर ते हेक्टरी टनाहून मोठे उत्सर्जन होऊन बसते. म्हणून तो भाग दर फेरीला नव्याने मोजावा. आणि मोजताना नळीशेजारी उभे राहू नये: माणसाच्या वजनाने जमीन दबते आणि पाणी वर आल्यासारखे दिसते. फळी टाकावी, शक्य तर कायमची.

पातळी आपोआप नोंदवणारी उपकरणे, म्हणजे लॉगर, लावली की माणसे निर्धास्त होतात. बंद प्रकारचा दाबमापक लॉगर पाण्याचा आणि हवेचा असा एकूण दाब नोंदवतो. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने बदलला, तर त्याला पाणी सुमारे १ सेंटिमीटरने बदलल्यासारखे वाटते. ब्रिटिश डोंगरांवर एखादे वादळ येऊन गेले, की दोन दिवसांत ३० हेक्टोपास्कलचा फरक पडतो. शेजारी हवेचा दाब नोंदवणारा दुसरा लॉगर नसेल, किंवा तो दूर दरीतल्या केंद्रातला, वेगळ्या उंचीवरचा आणि घड्याळात तासभर पुढेमागे असलेला असेल, तर आलेखावरचे चढउतार हवामानाचे असतात, जमिनीचे नव्हे. महिन्यातून एकदा हाताने मोजून पडताळा घ्यावा. तो जुळत नसेल, तर लॉगरवर विश्वास ठेवू नये.

नळ्या कुठे बसवल्या, हा प्रश्न लेखात कोणीच विचारत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी अनुदानाने ब्रिटनच्या डोंगरांवर हजारो किलोमीटर चर खणले गेले, साधारण अर्धा मीटर खोल. दाट पीटमधून पाणी फार सावकाश सरकते, म्हणून चराचा परिणाम त्याच्या काठालगतच्या काही मीटरांत सर्वाधिक असतो, आणि उतारावर चराच्या खालच्या अंगाला जास्त, कारण वरून येणारे पाणी चर मधेच अडवतो. नळ्यांची रांग चराला काटकोनात, दोन्ही अंगांना, १, २, ५ आणि १० मीटरवर असावी. फक्त चर अडवायला घातलेल्या बांधाच्या मागच्या डबक्याशेजारी नळी बसवून ‘पातळी ३० सेंटिमीटरने वाढली’ असे जाहीर करणे म्हणजे विहिरीच्या काठावर उभे राहून शिवारात पाणी मुबलक असल्याचे सांगणे.

आता वायू. चेंबरची पद्धत दिसायला सोपी: जमिनीत कडे बसवायचे, त्यावर पारदर्शक पेटी ठेवायची, आतल्या वायूचे प्रमाण किती वेगाने बदलते ते नोंदवायचे. कडे ५ ते १० सेंटिमीटर आत जाते आणि जाताना मुळे तोडते. त्यामुळे ते मोजणीच्या किमान काही आठवडे आधी बसवावे, नाहीतर तुटलेली मुळे कुजल्याचे उत्सर्जन जमिनीच्या नावावर पडते. कार्बन डायऑक्साइडसाठी दोन-तीन मिनिटे पुरतात. जास्त वेळ ठेवले तर पेटी तापते आणि झाडे वेगळी वागू लागतात. एकदा पूर्ण उजेडात, मग एक-दोन जाळ्या टाकून, शेवटी काळे आवरण घालून मोजावे, म्हणजे उजेड आणि शोषण यांचे नाते मिळते. फक्त उन्हाच्या दुपारी डोंगरावर जाऊन मोजणारा माणूस पीटभूमीची वर्षातली सर्वांत उदार वेळ मोजून येतो.

हिशेबात उंची विसरू नये. ५० सेंटिमीटर उंच पेटीत २ मिनिटांत कार्बन डायऑक्साइड दशलक्षात १२ भागांनी वाढला, तर ६०० मीटर उंचीवर आणि १० अंश तापमानाला तो प्रवाह चौरस मीटरला सेकंदाला सुमारे २ मायक्रोमोल होतो. समुद्रसपाटीचा दाब वापरला तर उत्तर ७ टक्क्यांहून जास्त फुगते. पेटीतले आकारमानही कड्यातली जमीन उंचसखल असल्याने चार-पाच ठिकाणी मोजून काढावे लागते. हेदरची ४० सेंटिमीटर उंच झुडपे पेटीत मावत नाहीत म्हणून बुटक्या शेवाळाची जागा निवडली, तर ती मोजणी त्या डोंगराची राहिलीच नाही.

मिथेनसाठी पाऊल हलके हवे. ओल्या पीटवर पाय पडला की अडकलेले बुडबुडे सुटतात आणि पेटीतला आलेख एकदम उडी मारतो. पायवाटेला फळ्या नसतील, तर त्या नोंदी फेकून द्याव्या लागतात. याच्या उलट चूक संगणकावर होते. पेटीतल्या वायूच्या नोंदींवर बसवलेली रेषा नीट जुळली नाही म्हणून नोंद बाद करण्याचा नियम सरसकट लावला जातो. पण प्रवाह शून्याजवळ असेल, तेव्हा रेषा जुळणारच नाही! शून्यासारखी खरी उत्तरे बाद होतात आणि उरलेल्यांची सरासरी खोटी मोठी होते. नोंद बाद करायची तर उपकरणाच्या बिघाडासाठी, उत्तर लहान आले म्हणून नव्हे.

वायू मोजण्याची दुसरी पद्धत मनोऱ्यावरची; तिला एडी कोव्हेरियन्स म्हणतात. वाऱ्याचे छोटे भोवरे वर जाताना आणि खाली येताना किती वायू नेतात, ते सेकंदाला १० ते २० वेळा मोजून अर्ध्या तासाची बेरीज करायची. तीन मीटरचा मनोरा वाऱ्याच्या दिशेने साधारण तीनशे मीटरचा पट्टा पाहतो, जमिनीला हात लावत नाही आणि रात्रंदिवस चालतो. डोंगरावर त्याचा शत्रू म्हणजे शांत रात्र. हवा थंड होऊन उतारावरून खाली सरकते आणि जमिनीने सोडलेला कार्बन डायऑक्साइड मनोऱ्यापर्यंत न चढता घळीतून निघून जातो. उपकरणाला रात्रीचे श्वसन दिसतच नाही. दिवसाचे शोषण मात्र पूर्ण दिसते. म्हणून वाऱ्याच्या घर्षणाचा वेग, म्हणजे हवा किती घुसळते त्याचे माप, ठरावीक मर्यादेखाली गेलेल्या वेळा गाळतात. त्यात पाऊस, भिंगावरचे दव, बर्फ आणि डिसेंबरात सौर पॅनेलवर न पडणारे ऊन यांची भर पडली, की वर्षातल्या नोंदींचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग गणिताने भरून काढावा लागतो. आकड्यासोबत ‘किती टक्के प्रत्यक्ष मोजले’ हे छापलेले नसेल, तर तो आकडा अर्धवट समजावा.

या दोन्ही पद्धतींना ओढा दिसत नाही. घळी पडलेल्या पीटभूमीत तर सर्वांत मोठा खर्च तिथेच असू शकतो. ओढ्यावर ९० अंशांची व्ही आकाराची खाच असलेला बंधारा घालून पाण्याची उंची नोंदवतात. खाचेतून १० सेंटिमीटर पाणी वाहत असेल तर सेकंदाला सुमारे ४.४ लिटर, २० सेंटिमीटर असेल तर जवळपास २५ लिटर: उंची दुप्पट, प्रवाह साडेपाच पटींहून अधिक. विरघळलेल्या कार्बनसाठी नमुना ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून अंधारात, ४ अंशांवर ठेवावा. गाळणीवर राहिलेले पीटचे कण वेगळे तोलावे. हे कण बहुतेक पुराच्या काही तासांत जातात. दर मंगळवारी सकाळी बाटली भरणाऱ्याला ते भेटतच नाहीत. त्यासाठी पाणी ठरावीक उंचीवर चढले की आपोआप २४ बाटल्या भरू लागणारे यंत्र हवे.

ओढ्याचे पाणी वर्षानुवर्षे अधिक तपकिरी होत गेले, म्हणजे पीटभूमी खालावली, असाही सरसकट निष्कर्ष काढू नये. १९८० च्या दशकापासून ब्रिटनच्या अनेक डोंगराळ ओढ्यांत विरघळलेला कार्बन वाढला. त्याचे मोठे कारण आम्लवर्षा घटणे हे निघाले: गंधकाचे प्रदूषण कमी झाल्यावर मातीतला सेंद्रिय कार्बन पुन्हा अधिक विरघळू लागला. हे कळले, कारण कित्येक वर्षे सलग, त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीने नमुने घेणारी केंद्रे होती. पेनाइन्समधील मूर हाउस येथे जाळलेल्या आणि न जाळलेल्या भूखंडांची तुलना १९५४ पासून चालू आहे. अशा केंद्रांचा निधी तोडणे फार सोपे असते, कारण एका वर्षात त्यांच्याकडून बातमी मिळत नाही. त्यांच्या बाजूने वृत्तपत्रांनीच बोलावे, असे मनापासून वाटते.

उपग्रहांबद्दल थोडक्यात. सेंटिनेल-१ च्या रडारवरून पृष्ठभागाचे मिलिमीटरांतले चढउतार काढता येतात आणि विस्तीर्ण प्रदेशासाठी ते मोलाचे आहे. पण जमीन आकसली म्हणजे कार्बन गेलाच असे नाही. ती नुसती सुकून दबलेलीही असू शकते. खाली नळ्या असतील तरच वरचे चित्र वाचता येते.

शेवटी, ज्यासाठी हे लिहायला घेतले ते. बांध घालण्याआधी किमान एक वर्ष, जमल्यास दोन वर्षे मोजणी हवी. शेजारी तशाच उताराची, तितक्याच चरांची एक जागा मुद्दाम न दुरुस्त करता त्याच वेळापत्रकाने मोजत राहावी, म्हणजे ओल्या वर्षाचे श्रेय बांधाला जाणार नाही. प्रत्यक्षात निधी मंजूर होतो तो बांधकामासाठी, तोही आर्थिक वर्ष संपण्याच्या आत खर्च करायच्या अटीवर. उपकरणे येतात तोवर चर बुजलेले असतात. मग ‘आधीची’ स्थिती वनस्पती पाहून एखाद्या तक्त्यातल्या सरासरीने भरली जाते. राष्ट्रीय पातळीवरच्या हिशेबासाठी तो तक्ता योग्यच आहे. एका डोंगराच्या एका उतारावर, विकायच्या टनांसाठी, तो अंदाजच असतो. आणि बांध घातल्यावर ‘आधी’ परत मोजता येत नाही.

म्हणून दोन विनंत्या. असा लेख पुढे छापताना बांधाच्या आधी किती महिने पाणीपातळी नोंदवली आणि तुलनेची जागा कोणती, ही माहिती प्रकल्पाकडून मागून सोबत द्यावी. आणि या लेखापुरती एक दुरुस्ती छापावी: ‘शोषला जाऊ लागला’ या शब्दांऐवजी ‘उत्सर्जन घटल्याचा अंदाज आहे, प्रत्यक्ष मोजणीचा तपशील उपलब्ध नाही’.

आपला,
पीटभूमी-मापनाचा एक अभ्यासक